फिटलेले कर्ज म्हणजे पुरावा नव्हे

धार-देवासकडच्या लघुउद्योग योजनांविषयी एक मत सर्वमान्य झाले आहे: कर्ज वाटले, हप्ते वेळेवर आले, की योजना यशस्वी. हे मत अगदीच निराधार नाही. हप्त्यांची नोंद बँकेकडे पक्की असते, तिला वेगळा खर्च लागत नाही. आणि धंदा बुडाला असता तर हप्ता आला कुठून, हा सवालही रास्त वाटतो.

उत्तर सोपे आहे. मुलाच्या पिथमपुरातल्या कारखान्यातल्या पगारातून, सोयाबीनच्या पट्टीतून, नाहीतर दागिना गहाण टाकून. फेड ही कर्जदाराची पत सांगते, धंद्याची बरकत नव्हे.

बरे, बरकतही दिसली असे धरू. तिचे श्रेय योजनेचेच कशावरून? ऐंशीच्या दशकापासून पिथमपूर वाढत गेले. देवासला १९७४ पासून बँक नोट प्रेस आहे. फाटकासमोरची टपरी मुद्रा कर्जाविना वाढली नसती काय? हैदराबादेत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी १०४ वस्त्यांपैकी निम्म्या चिठ्ठ्या टाकल्यागत निवडून तिथे आधी सूक्ष्मकर्ज पोहोचवले आणि उरलेल्यांशी ताडून पाहिले. आधीपासून धंदा असणाऱ्यांनी गुंतवणूक वाढवली; पण कुटुंबांचा सरासरी खर्च काही वाढला नाही. नुसते हप्ते मोजले असते तर हे कळले असते?

‘पण सरकार तपासणी करतेच,’ असे म्हणतात. करते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातले १५ ते ३५ टक्के अनुदान तीन वर्षे ठेवीत अडकते, प्रत्यक्ष पाहणीनंतर कर्जात वळते होते. तीन वर्षे पाटी लावून ठेवायला याहून सबळ कारण कोणते? चौथ्या वर्षाचे काय?

कुक्षीजवळच्या बाग या कापडछपाईच्या गावात पाहणाऱ्याला लाकडी ठसे दिसतील, नदीत धुतलेले ताके वाळताना दिसतील. पाहणीचा अहवाल तिथेच संपतो. धुणाऱ्याची मजुरी वाढली का, भाव कारागिराने ठरवला की व्यापाऱ्याने, पावसाळ्यात कापड वाळेना तेव्हा चूल कशावर पेटली, हे प्रश्न कोणत्या रकान्यात बसतात?

न्याय वाचकांनीच करावा. पुढच्या मेळाव्यात वाटपाचे कोटी जाहीर होतील तेव्हा एवढेच विचारा: पात्र असूनही ज्यांना कर्ज मिळाले नाही, त्यांच्यापेक्षा कर्ज मिळालेले कितीने पुढे गेले?