उंदराचं औषध

ज्याने उंदीर मरतो त्याला आपण ‘उंदराचं औषध’ म्हणतो. मारणाऱ्या वस्तूला औषध म्हणण्याची ही रीत मला विनोदी वाटे. पुढे आमच्या अण्णांच्या हृदयात धातूची झडप बसली, वॉरफॅरिन घरात आलं, त्याचा इतिहास मी वाचला आणि मराठी भाषेपुढे हात जोडले.

१९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात गुरं रक्तस्रावाने मरू लागली. शिंग कापायचं निमित्त, की जनावर दगावलंच. दोष निघाला बुरशी धरलेल्या स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्याचा. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड, न साकळणाऱ्या रक्ताचा कॅन आणि तो चारा घेऊन, बर्फाच्या वादळातून सुमारे १९० मैल तुडवत मॅडिसनला पोचला. शनिवार! सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद. म्हणून तो कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारी गेला. कचेरी बंद असल्याने मानवजातीचं भलं झाल्याचं एवढं एकच उदाहरण आम्हां बँकवाल्यांच्या पदरी आहे.

लिंकच्या मंडळींनी १९३९ मध्ये चाऱ्यातलं ते द्रव्य वेगळं काढलं. त्याचं एक जहाल भावंड, वॉरफॅरिन, १९४८ साली उंदरांसाठी बाजारात आलं. १९५१ मध्ये एका अमेरिकन सैनिकाने जीव द्यायला ते खाल्लं. व्हिटॅमिन ‘के’ दिल्यावर गडी खडखडीत बरा! उतारा आहे म्हटल्यावर डॉक्टरांना धीर आला. १९५४ मध्ये ते माणसांसाठी मंजूर झालं आणि १९५५ साली हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरना देण्यात आलं. बिळातून थेट व्हाइट हाउसात! अशी बढती आमच्या बँकेत कुणाला मिळालेली नाही.

रक्त साकळवणारे काही घटक बनवायला यकृताला ‘के’ लागतं. वापरलेलं ‘के’ शरीर पुन्हा कामाला लावतं. वॉरफॅरिन नेमकं हे नूतनीकरण अडवतं. म्हणजे ते जुनी गुठळी विरघळवत नाही, नवी होऊ देत नाही. विरघळवणारं खातं वेगळं; त्यातलं स्ट्रेप्टोकायनेज जंतूंमध्ये सापडलं, तेही १९३३ मध्येच.

आता तपासणीशिवाय चालणारी नवी औषधं आलीत, पण धातूच्या झडपेला आजही वॉरफॅरिनचं घराणंच लागतं. म्हणून अण्णांचा ‘आयएनआर’ ठरल्या वेळी मोजायचा. बहुतेकांना तो २ ते ३ मध्ये हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. मेथी-पालकात ‘के’ भरपूर. ती बंद करायची नाही. रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. दुखण्यावरची गोळी परस्पर घ्यायची नाही.

अण्णा पासबुक कधी बघत नाहीत. आयएनआरचा कागद मात्र चष्मा पुसून दोनदा वाचतात. २.६ आला की म्हणतात, ‘‘चला, या महिन्यात मी उंदीर नाही!’’