थीम पार्कातले जेवण आणि अन्नाचे वावडे

थीम पार्कात गेलेले कुटुंब सकाळी फाटकातून आत शिरते ते रात्रीची आतषबाजी संपल्यावरच बाहेर पडते. मधल्या बारा-चौदा तासांतली न्याहारी, जेवण आणि मधले खाणे त्याच आवारात होते. घरातल्या मुलाला शेंगदाण्याचे, दुधाचे किंवा गव्हाचे वावडे असेल, तर हे जेवण सहलीच्या कितीतरी आधी ठरवावे लागते. कोणत्या उपाहारगृहात बसायचे, तिथे कोणता पदार्थ चालेल, तो कोणत्या तेलात तळला जातो आणि ऐनवेळी विचारायचे कोणाला, हे सगळे त्यात येते. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ऑरलँडोजवळ असलेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये या आखणीची एक पद्धतच रुळली. ताटात काय आहे हे कोणी सांगायचे आणि कोणाच्या भरवशावर खायचे, या प्रश्नातून ती घडत गेली.

एखाद्याला पचणारे अन्न दुसऱ्याला बाधते हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हिपॉक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रीक वैद्यकग्रंथांत चीज काहींना मानवते आणि काहींना बाधते, अशी नोंद आहे. आयुर्वेदानेही सात्म्य आणि असात्म्य असा भेद केला. पण ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ चा आहे. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो घडवला. त्याच्या थोडे आधी, १९०२ मध्ये, शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रपुष्पाचे विष कुत्र्यांना टोचून पाहिले होते. दुसऱ्या वेळी अगदी अल्प मात्रेनेही कुत्रे दगावत. या तीव्र प्रतिक्रियेला त्यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हटले, आणि त्या कामासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अन्नाच्या बाबतीत सर्वांत बोलका प्रयोग १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हाइन्त्स क्युस्टनर या जर्मन डॉक्टरांना शिजवलेल्या माशाचे वावडे होते. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांना मासे खुशाल चालत. प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे लगेच गांधी उठली. म्हणजे दोष माशात नव्हता, तर खाणाऱ्याच्या रक्तातल्या कशात तरी होता. हे ‘काहीतरी’ सापडायला आणखी साडेचार दशके लागली. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिश हे दोघे, वेगवेगळ्या वाटांनी एकाच प्रतिपिंडापर्यंत पोचले. त्याचे ‘आयजीई’ हे नाव १९६८ मध्ये ठरले.

गव्हाची गोष्ट वेगळी आहे. सीलिॲक हा आजार ॲलर्जी नव्हे, त्यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचे अस्तर झिजते. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांच्या या संशयाला बळकटी आली. १९५० च्या प्रबंधात त्यांनी ते सिद्ध करून मांडले. कारणे निराळी असली तरी स्वयंपाक्याच्या दृष्टीने दोन्ही रुग्णांची गरज सारखीच असते: नको असलेल्या पदार्थाचा कणही ताटात येता कामा नये.

कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम इथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले, तेव्हा असा विचार कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. तिथली बरीचशी उपाहारगृहे प्रायोजक कंपन्यांच्या नावाने चालत, म्हणजे ती त्या कंपन्यांच्या मालाची जाहिरातच असत. ऑन्ट जेमायमाच्या नावाचे पॅनकेकगृह होते, फ्रिटोज कंपनीचे मेक्सिकन धाटणीचे खाद्यगृह होते, दूध आणि आइसक्रीमवाल्या कार्नेशन कंपनीचे दुकान होते आणि टूना मासा विकणाऱ्या कंपनीचे समुद्री चाच्यांच्या जहाजातले उपाहारगृह होते. पुढे ॲलर्जीच्या यादीत जे पदार्थ आले, त्यांतले गहू, दूध आणि मासे हे तीन इथे पाट्यांवर झळकत होते. मुलाला वावडे असलेले आईबाप तेव्हा घरून डबा आणत किंवा सहलीलाच जात नसत.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झाले आणि परिस्थिती बदलली. ही जागा सुमारे १०० चौरस किलोमीटरची आहे, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मूळ मुंबई बेटाहून मोठी. १९८२ मध्ये एपकॉट आले, १९८९ मध्ये चित्रपटांवरचे तिसरे पार्क आले आणि १९९८ मध्ये ॲनिमल किंगडम. मुक्कामाची हॉटेलेही याच आवारात. एका दिवसाची जत्रा आता आठवड्याची सुट्टी झाली. एक दिवस डब्यावर निभतो, आठ दिवस निभत नाहीत. त्यामुळे पाहुण्यांना खाऊ घालणे हा उद्यानाच्या कामाचा मोठा भाग बनला, आणि वावडे असलेला पाहुणा हा अधूनमधून येणारा अपवाद राहिला नाही.

याच काळात अमेरिकेतल्या पालकांनाही आवाज मिळाला. १९८७ मध्ये ‘एपिपेन’ या ॲड्रेनलिनच्या स्वयंचलित सुईला सरकारी मान्यता मिळाली. युद्धात वायुहल्ला झाला तर सैनिकाने स्वतःलाच उतारा टोचून घ्यावा म्हणून बनवलेल्या सुईतून ती विकसित झाली होती. पर्समध्ये मावणाऱ्या या वस्तूमुळे घराबाहेर जेवण्याचे धैर्य आले. १९९१ मध्ये व्हर्जिनिया राज्यात अ‍ॅन मुन्योज-फर्लाँग यांनी अन्न-ॲलर्जीग्रस्तांची संघटना काढली. तिने पालक, शाळा आणि उपाहारगृहे यांच्यात माहितीची देवाणघेवाण सुरू केली. तोवर रुग्णांची संख्याही वाढू लागली होती. अमेरिकेतल्या दूरध्वनी-पाहणीत शेंगदाण्याची ॲलर्जी सांगणाऱ्या मुलांचे प्रमाण १९९७ मध्ये ०.४ टक्के होते, ते २००८ मध्ये १.४ टक्क्यांवर गेले.

या वातावरणात डिस्ने वर्ल्डमध्ये जी पद्धत रुळली, ती या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल. आरक्षण करतानाच पाहुण्याने वावडे सांगायचे. उपाहारगृहात पोचल्यावर वेटर ते पुन्हा विचारी आणि मग खुद्द शेफ स्वयंपाकघरातून बाहेर येऊन टेबलाशी उभा राही. मुलाला काय चालते, काय आवडते, तळलेले हवे की भाजलेले, हे तो विचारी आणि त्याप्रमाणे ताट बनवी. बुफे असला तर शेफ कुटुंबाला सोबत घेऊन प्रत्येक भांड्यापाशी थांबत पुढे जाई आणि हे घ्या, हे घेऊ नका, असे सांगे. दहा जणांचे चमचे ज्या भांड्यांत फिरले, त्यांतले न वाढता आतून वेगळे ताट आणून देण्याचीही रीत होती. पदार्थ तोच असला तरी वाढायचा चमचा दुसरीकडून फिरून आला तर उपयोग नसतो. उपासाचे पदार्थ वेगळ्या कढईत आणि वेगळ्या पळीने करणाऱ्या मराठी घरांना हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

वर्षानुवर्षे इतर ठिकाणी कोरडा पाव किंवा घरचा डबा खाल्लेल्या मुलासमोर मिकी माउसच्या आकाराचे ग्लुटेनविरहित वॉफल आले की आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी येई, असे अनुभव अनेकांनी नोंदवले आहेत. सगळ्यांबरोबर बसून सगळ्यांसारखे जेवायला मिळणे ही या मुलांसाठी लहान गोष्ट नव्हती.

या पद्धतीसाठी वेळ आणि माणसे दोन्ही भरपूर लागत. बसून जेवायच्या उपाहारगृहात ते जमे, पण बर्गरच्या खिडकीसमोर लांब रांग असताना शेफ कितीदा बाहेर येणार? तिथे काउंटरमागे घटक पदार्थांची जाडजूड फाइल असे, ती मागून घेऊन पाने उलटायची. २०१४-१५ च्या सुमारास या फाइलींची आणि बोलण्याची जागा छापील मेनूने घ्यायला सुरुवात केली. कोणता पदार्थ कोणत्या वावड्याला चालतो हे त्यात दिलेले असते. अनुभवी पालकांतल्या काहींना हा बदल रुचला नाही, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. शेफ आता मागितल्यावर येतो, आपणहून येत नाही. छापील पानावर दूध किंवा गहू यांचे उत्तर आहे. पण लसूण, राजगिरा किंवा एकाच वेळी चार पदार्थांचे वावडे असेल तर उत्तर शेफकडेच असते. उलट, नव्याने येणाऱ्या कुटुंबाला घरबसल्या मेनू वाचून आठवडाभराचे जेवण आखता येऊ लागले. या सोयीचाही मान ठेवायला हवा. २०१७ मध्ये ॲनिमल किंगडमच्या नव्या पँडोरा विभागात फोनवरून खाणे मागवण्याची सोय झाली. हळूहळू ॲलर्जीचा मेनूही त्या ॲपमध्ये आला.

मेनूवरचे शब्द जपून निवडलेले आहेत. पदार्थ ‘ॲलर्जीमुक्त’ आहे असे डिस्ने म्हणत नाही, ‘ॲलर्जीस्नेही’ म्हणते, कारण एकाच स्वयंपाकघरात सगळे पदार्थ बनतात आणि पूर्ण हमी देता येत नाही.

कायदा स्वयंपाकघराच्या मागून चालत आला. २००४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अन्नावरील ॲलर्जीदर्शक लेबलांचा कायदा केला आणि १ जानेवारी २००६ पासून तो लागू झाला. दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, झाडावरच्या कठीण कवचाची फळे, शेंगदाणे, गहू आणि सोयाबीन या आठांची नावे पाकिटावर स्पष्ट छापणे बंधनकारक झाले. २०२१ च्या कायद्याने तिळाची भर पडली, ती २०२३ पासून अमलात आली. पण हा कायदा पाकीटबंद मालापुरता आहे, उपाहारगृहाच्या ताटाला तो लागू नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने २००९ मध्ये उपाहारगृहांसाठी फलक आणि प्रशिक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. फ्लोरिडातली उद्याने जे करत होती ते मुख्यतः स्वखुशीने.

युरोपात चित्र उलट आहे. १३ डिसेंबर २०१४ पासून युरोपीय संघात चौदा पदार्थांची माहिती उपाहारगृहांनाही द्यावीच लागते, त्यामुळे पॅरिसजवळच्या डिस्नेलँडमध्ये ती कायद्याचा भाग म्हणून मिळते. टोकियोतले डिस्नेलँड १९८३ चे. तिथे ठरावीक ॲलर्जीकारक पदार्थ वगळून आधीच तयार केलेली ताटे ठेवलेली असतात. शेफशी बोलून ताट बदलून घेण्यावर भर नसतो, माहिती दिली जाते आणि निर्णय पाहुण्यावर सोपवला जातो. जपानच्या सक्तीच्या यादीत सोबा नूडल्सचे बकव्हीट आहे, अमेरिकेच्या यादीत ते नाही. ज्या समाजाच्या ताटात जे रोज असते, त्याची बाधा तिथल्या डॉक्टरांना आधी दिसते.

भारतीय पाहुण्यांसाठी हे विशेष महत्त्वाचे आहे. हरभरा आणि बेसन अमेरिकी यादीत नाहीत, म्हणून भज्यांच्या पिठाची माहिती पाकिटावर ठळकपणे मिळेलच असे नाही. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, त्यामुळे वरवर निर्धोक वाटणारी डाळही सीलिॲक रुग्णाला बाधू शकते. डिस्नेच्या ॲनिमल किंगडम लॉजमध्ये ‘सना’ हे भारतीय आणि आफ्रिकी चवींचे उपाहारगृह आहे, त्याची नान आणि चटण्यांची थाळी प्रसिद्ध आहे. तिथेही हे प्रश्न विचारावे लागतात. भाषेचा घोटाळाही होतो. मराठीत ‘सुकामेवा’ म्हटले की त्यात काजू-बदामांबरोबर मनुका आणि खारीकही येतात. शेंगदाणा तर वनस्पतिशास्त्रानुसार कडधान्य आहे. म्हणून शेफला ‘सुकामेवा चालत नाही’ असे मोघम न सांगता काजू, पिस्ता, अक्रोड अशी नावे एकेक करून सांगणे आवश्यक ठरते. दाण्याचे कूट ज्या घरात कोशिंबिरीपासून खिचडीपर्यंत सगळीकडे पडते, त्या घरातून अमेरिकेत गेलेल्या माणसाला नातवंडाचे शेंगदाण्याचे वावडे समजून घ्यायला वेळ लागतो. भारतात २०२० च्या लेबल-नियमांनी मोठ्या साखळी उपाहारगृहांना मेनूवर ॲलर्जीची माहिती देणे बंधनकारक केले आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये डिस्ने स्प्रिंग्ज या खरेदी-विभागातल्या एका उपाहारगृहात जेवल्यानंतर न्यूयॉर्कच्या एका डॉक्टर महिलेचा मृत्यू झाला. आपल्या ॲलर्जीची कल्पना वेटरला वारंवार दिली होती, असे तिच्या पतीने दाव्यात म्हटले. ते उपाहारगृह डिस्ने चालवत नव्हते, जागा मात्र डिस्नेच्या आवारातली होती. व्हिडिओ-सेवेच्या सदस्यत्वाच्या अटींचा आधार घेऊन हा वाद न्यायालयाबाहेर लवादापुढे न्यावा, अशी मागणी डिस्नेने आधी केली आणि जनक्षोभानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये ती मागे घेतली. त्या घटनेने एक गोष्ट ठळक झाली: एकाच आवारात वेगवेगळे मालक आणि वेगवेगळी स्वयंपाकघरे असतात, पण पाहुण्याला सगळीकडे एकच नाव दिसते.

आजची आखणी या सगळ्या टप्प्यांतून आलेली आहे. पूर्वी १८० दिवस आधी मिळणारे आरक्षण आता ६० दिवस आधी मिळते. आरक्षणात वावड्याची नोंद करता येते, मेनू आधी वाचता येतो आणि काचेची भांडी सोडून घरचे खाणे आत नेता येते. ज्या उपाहारगृहाचा मालक दुसरा आहे, त्याची चौकशी वेगळी करावी लागते. फ्रेंच फ्राइजसारख्या साध्या पदार्थाबाबतही तेल स्वतंत्र आहे का हे विचारावे लागते, कारण त्याच कढईत पिठात घोळवलेली कोंबडी तळली जात असू शकते. ॲड्रेनलिनच्या दोन सुया सोबत असाव्यात असे डॉक्टर सांगतात, एक पुरली नाही तर दुसरी लागते. आणि ताट टेबलावर आले की वेटरला ते नक्की कोणासाठी आहे हे पुन्हा एकदा विचारले जाते.