चीजचा तुकडा आणि नैराश्याची गोळी

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे एका रुग्णालयात काम करणाऱ्या फार्मासिस्टने १९६३ च्या सुमारास लंडनमधील एका तरुण डॉक्टरांना पत्र लिहिले. त्याची पत्नी नैराश्यावर ट्रानिलसिप्रोमीन नावाची गोळी घेत होती. चीज खाल्ले की थोड्याच वेळात तिचे डोके असह्य ठणकू लागे. दूध किंवा लोणी खाल्ल्यावर मात्र काहीच होत नसे. चीजमधील अमिनो आम्लांचा याच्याशी काही संबंध असेल का, असे त्याने विचारले होते.

ते डॉक्टर म्हणजे मॉड्स्ली रुग्णालयात मानसोपचाराचे शिक्षण घेणारे बॅरी ब्लॅकवेल. या गोळीमुळे काही रुग्णांचा रक्तदाब एकाएकी भडकतो, अशी शंका त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये पत्राद्वारे मांडली होती. फार्मासिस्टचे पत्र वाचून सुरुवातीला त्यांना आणि सहकाऱ्यांना हसूच आले. चीज हा इंग्रजांच्या रोजच्या जेवणातला पदार्थ. आपल्याकडे कोणी ‘ताक प्यायल्यावर मेंदूत रक्तस्राव होतो’ असे म्हटले तर आपणही हसूच की!

ही गोळी कोठून आली हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे, आणि वाट जाते ती क्षयरोगाच्या वॉर्डातून. न्यूयॉर्कच्या स्टॅटन बेटावरील सी व्ह्यू रुग्णालयात १९५२ मध्ये क्षयाच्या रुग्णांवर आयसोनियाझिड आणि त्याचेच भावंड असलेले आयप्रोनियाझिड ही औषधे वापरून पाहण्यात आली. मरणाच्या दारी टेकलेली माणसे जेवू लागली, हसू लागली, वॉर्डात नाचू लागली. त्या नाचाची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली. आयप्रोनियाझिड घेणाऱ्यांचा उत्साह तर जरा अतिच वाटत होता. डॉक्टरांनी तो दुष्परिणाम म्हणून नोंदवला. हाच दुष्परिणाम औषध म्हणून वापरता येईल, हे नेथन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये दाखवले. नैराश्यावर चालणारी गोळी मिळाल्याच्या आनंदात आयप्रोनियाझिड भराभर दिले गेले. पुढे त्याने यकृताला इजा होते असे दिसून आले आणि अमेरिकेत ते १९६१ मध्ये मागे घेतले गेले. तोवर त्याच पद्धतीने काम करणारी, पण यकृताला कमी त्रासदायक अशी दुसरी औषधे बाजारात आली होती. ट्रानिलसिप्रोमीन त्यांपैकीच एक.

त्यांची काम करण्याची पद्धत अशी. आपल्या शरीरात मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. मेंदूतील सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन यांसारख्या संदेशवाहक रसायनांचा ते फडशा पाडते. विकर अडवले की ही रसायने साठून राहतात, आणि मन उभारी धरते ते बहुधा यामुळेच. पण हे विकर काही केवळ मेंदूत नसते. आतड्यात आणि यकृतातही ते भरपूर असते. तिथे ते काय करते, हा प्रश्न गोळी देताना कोणाच्या ध्यानात राहिला नव्हता.

इथे इतिहासाने मोठी गंमत केली आहे. हे विकर १९२८ मध्ये केंब्रिजला मेरी हेअर या तरुण संशोधक बाईंनी यकृतात शोधले, तेव्हा त्यांनी त्याला नाव दिले होते ‘टायरामीन ऑक्सिडेज’. टायरामीन नष्ट करणारे विकर! आणि टायरामीनने रक्तदाब वाढतो हे तर त्याच्याही आधी ठाऊक होते. बार्जर आणि वॉलपोल यांनी १९०९ मध्ये सडक्या मांसातून रक्तदाब वाढवणारे जे द्रव्य वेगळे केले, त्यात ते होते. टायरोसिन आणि टायरामीन या नावांच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही चीज असाच आहे. म्हणजे उत्तराचे सारे तुकडे ग्रंथालयाच्या कपाटात पडून होते. पुढे विकराचे नाव बदलले आणि नावात दडलेली सूचनाही हरवली.

मॉड्स्लीमध्ये असे झटके येतच राहिले. ज्यांना झटका आला त्यांनी त्याआधी काय खाल्ले होते, याची चौकशी सुरू झाली आणि चीजचे नाव पुन्हा पुन्हा येऊ लागले. ब्लॅकवेल यांचा लेख १९६३ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याच सुमारास दुसऱ्या संशोधकांनी चीजमधील टायरामीनकडे बोट दाखवले, आणि पुढच्या वर्षी प्राण्यांवरील प्रयोगांनी साखळी पूर्ण झाली.

साखळी साधी आहे. अकरावी-बारावीच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवता येईल. चीज मुरत असताना त्यातील जिवाणू टायरोसिन या अमिनो आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतात. उरते ते टायरामीन. निरोगी माणसाच्या आतड्यातले आणि यकृतातले विकर त्याचा वाटेतच निकाल लावते. मात्र विकर बंद असेल तर टायरामीन रक्तात शिरते, चेतातंतूंच्या टोकांशी साठलेले नॉरअ‍ॅड्रेनलिन बाहेर ढकलते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब भडकतो. एरवी काही शे मिलिग्रॅम टायरामीन पोटात गेले तरच जाणवण्याइतका फरक पडतो. या गोळ्या घेणाऱ्याला १० मिलिग्रॅमसुद्धा महागात पडू शकते. काही रुग्ण मेंदूतील रक्तस्रावाने दगावले. अमेरिकेत फेब्रुवारी १९६४ मध्ये ट्रानिलसिप्रोमीन मागे घेतले गेले आणि त्याच वर्षी आहाराबाबतच्या इशाऱ्यांसह परत आणले गेले.

दूध आणि लोणी निर्दोष का, हेही आता कळते. ती मुरलेली नसतात. आपले ताजे पनीरही त्याच कारणाने निर्धोक. धोका असतो तो मुरवलेल्या चीजमध्ये, सोया सॉसमध्ये, यीस्टच्या अर्कात, नीट न साठवलेल्या मांस-मासळीत. आणखी एक गोष्ट म्हणजे ही औषधे विकराला कायमचे निकामी करतात. शरीराने नवे विकर तयार करीपर्यंत सुमारे दोन आठवडे जातात. त्यामुळे गोळी आज थांबवली म्हणून पथ्य आज सुटत नाही.

या जातीच्या गोळ्या आता क्वचितच दिल्या जातात. फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम यांसारख्या गोळ्यांना चीजचे पथ्य नाही. तरीही त्यांचे आपले नियम आहेत. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, मळमळ वगैरे त्रास मात्र आधी होतो. म्हणून अनेक जण दहाव्या दिवशी ‘उपयोग नाही’ म्हणून गोळी सोडतात. बरे वाटल्यावर एकदम बंद केली तर चक्कर, बेचैनी, झोपमोड होऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी लागते. किशोरवयीन मुलांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार बळावू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ मध्ये या गोळ्यांवर छापायला लावला. वर्गातला एखादा मुलगा अशी गोळी घेत असेल, तर त्या दिवसांत त्याच्याकडे घरच्यांचे आणि शिक्षकांचे लक्ष हवे, ते यासाठी.

आपल्याकडची खरी अडचण मात्र रसायनशास्त्राची नाही. ‘डोक्याच्या गोळ्या’ चालू आहेत हे माणसे लपवतात. शेजाऱ्यांपासून लपवले तर एक वेळ समजू शकते; पण ती दातांच्या, हाडांच्या, खोकल्याच्या डॉक्टरांपासूनही लपवतात. सेरोटोनिन वाढवणारी दोन औषधे एकत्र आली की थरथर, ताप, गोंधळलेपण आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. खोकल्याच्या काही औषधांत असते ते डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि वेदनाशामक ट्रॅमाडॉल ही त्यातली नेहमी भेटणारी नावे.

तिसरे नाव लिनेझोलिडचे. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावर हे प्रतिजैविक भारतातही वापरले जाते, आणि मोनोअमाइन ऑक्सिडेज अडवण्याचा गुण त्याच्याही अंगी थोडासा आहे. नैराश्याच्या गोळ्यांबरोबर ते देताना जपावे, असा इशारा २०११ मध्ये निघाला. ज्या वॉर्डातून ही कथा सुरू झाली, तिथल्याच खाटेवर आज एखादा रुग्ण उशाखाली एस्सिटालोप्रामची पट्टी दडवून बसलेला असू शकतो, आणि त्याच्या केसपेपरवर तिची नोंद नसते.