छातीतल्या कळेचा शोध

१८७२ साली दोन दूरच्या गावांत दोन गोष्टी घडल्या. पनवेलमध्ये कृष्णशास्त्री पुराणिकांनी ‘धूतपापेश्वर’ची सुरुवात केली आणि वैद्यांच्या घरी खलबत्त्यात होणारी औषधं इथे कारखान्यात तयार होऊ लागली. त्याच वर्षी व्हिएन्नात मोरिझ कापोसी या त्वचारोगतज्ज्ञाने लिहिलं, की ल्यूपस हा नुसता कातडीचा रोग नाही. ताप आणि सांध्यांची सूज घेऊन तो साऱ्या अंगात पसरू शकतो. मला ल्यूपस आहे आणि मी पनवेलची आहे. म्हणून या दोन्ही गोष्टी मला आपल्या घरातल्या वाटतात.

तिशी ओलांडता ओलांडता माझी बोटं सुजली. सकाळी चहाचा कप धरवेना. टपाल नाक्याजवळच्या आमच्या घरात आजीपासून सगळ्यांनी निदान केलं, ‘आमवात’. सिंहनाद गुग्गुळ आला, सुंठीचं पाणी सुरू झालं. आजीला हे ज्ञान कुठून आलं, ते मी पुढे शोधलं. आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिलं ते माधवकरांनी, ‘माधवनिदान’ या साधारण सातव्या-आठव्या शतकातल्या ग्रंथात. बळावलेल्या आमवाताच्या लक्षणांत त्यांनी सांध्यांच्या सुजेबरोबर हृद्‌ग्रहही नोंदवला आहे, म्हणजे हृदय आवळल्यासारखं वाटणं. आमवात म्हणजे ल्यूपस नव्हे. पण सांधे धरणारा आजार छातीही धरू शकतो, हे आपल्याकडे इतक्या पूर्वी कुणीतरी रोग्याजवळ बसून पाहिलं होतं.

पाश्चात्त्य वैद्यकाला हा धागा जोडायला वेळ लागला. १८१६ साली पॅरिसमध्ये हृदयविकाराची एक तरुण रोगी तपासताना लेनेक यांनी कागदाची सुरळी करून तिच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. १८२४ साली त्यांचे शिष्य कोलँ यांनी हृदयाच्या आवरणाला सूज आली की ऐकू येणारा घर्षणाचा आवाज नोंदवला; नव्या चामड्याच्या करकरीसारखा. १८९५पासून विल्यम ऑस्लर यांनी अंगावर चट्टे उठणाऱ्या रोग्यांमध्ये हृदय, फुप्फुस आणि मूत्रपिंडाचे विकार आढळतात, असं लिहायला सुरुवात केली. १९२४ साली न्यूयॉर्कच्या लिबमन आणि सॅक्स यांनी हृदयाच्या झडपांवरच्या एका वेगळ्याच सुजेचं वर्णन केलं. ती सूज ल्यूपसचीच, हे नंतर उलगडलं.

माझ्या छातीत पहिल्यांदा कळ आली ती रात्री, आडवं पडल्यावर. खोल श्वास घेतला की सुरी फिरल्यासारखं होई. उठून, उशी पोटाशी धरून पुढे वाकलं की जरा बरं वाटे. एका दवाखान्यात कार्डिओग्राम काढला, तो ठीक आला. ‘गॅस असेल, ताण घेऊ नका,’ म्हणून मला घरी पाठवलं. माझ्या सांध्यांबद्दल तिथे कुणी विचारलं नाही. दुखणं मात्र तसंच राहिलं. शेवटी मुंबईतल्या संधिवाततज्ज्ञ बाईंनी पहिलाच प्रश्न केला, “पुढे वाकल्यावर कमी होतं का?” इकोमध्ये हृदयाच्या आवरणात थोडं पाणी दिसलं. त्या एका प्रश्नामागे लेनेकपासूनची दोन शतकं उभी होती.

उत्तरासाठी मुंबई गाठणं ही पनवेलची जुनी रीत. १८३०मध्ये बोरघाटाचा रस्ता झाल्यावर मुंबईहून पुण्याला जाणारे लोक होडीने पनवेल बंदरात उतरत आणि पुढे घाट चढत. बंदरामुळे गाव वाढलं, १८५२मध्ये नगरपालिकाही आली. पण मोठ्या दुखण्याला उलटी वाट धरावी लागे. खाडीची भरती पाहायची आणि मुंबई गाठायची. १८४५पासून तिथे जे. जे. रुग्णालय होतं, १९२६मध्ये परळला केईएम उघडलं. १९७३ साली ठाण्याच्या खाडीवर पूल झाला, १९९८मध्ये हार्बर लोकल पनवेलपर्यंत आली. माझ्या आजीच्या पिढीतल्या किती बायकांची कळ खाडीच्या या काठावरच निमूट सोसली गेली असेल, हा विचार लोकलमध्ये बसल्यावर माझी पाठ सोडत नाही.

औषधाची गोष्टही कोकणातल्या माणसाला परकी नाही. हिवतापावरचं क्विनाइन ल्यूपसला उपयोगी पडतं, असं लंडनच्या पेन यांनी १८९४ साली मांडलं. त्याच मलेरियाच्या औषधांच्या कुळातलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अमेरिकेत १९५५मध्ये मान्य झालं. ती गोळी मी रोज घेते. मार्च २०२०मध्ये करोनाच्या धास्तीने सगळे तिच्यामागे धावले, तेव्हा ज्यांचं जगणं तिच्यावर चालतं त्यांनाच ती मिळेना. गावातल्या दुकानांमधून मी रिकाम्या हाताने परतले. आमचा आजार बाहेरून दिसत नाही, म्हणून आमची गरजही कुणाला दिसली नाही, याचं दुःख मला अजून आहे.

आणि छातीतली प्रत्येक कळ आवरणाच्या सुजेची नसते. १९७६ साली टोरंटोच्या युरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ल्यूपसची सुरुवातीची वर्षं तरून गेलेले काही रोगी पुढे हृदयविकाराच्या झटक्याने दगावतात. १९९७मध्ये पिट्सबर्गच्या मांझी यांच्या अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्यूपस असलेल्या बायकांमध्ये झटक्याचं प्रमाण त्याच वयाच्या इतर बायकांच्या पन्नास पटींहून जास्त आढळलं. म्हणजे ‘एवढ्या लहान वयात काय होणार’ हे वाक्य आमच्या बाबतीत खोटं आहे.

म्हणून माझ्यासारख्या प्रत्येकीला माझं कळकळीचं सांगणं आहे. छाती दाबल्यासारखी झाली, घाम सुटला, धाप लागली, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर सकाळची वाट पाहू नका. थेट रुग्णालय गाठा. तिथे गेल्यावर आधी आजाराचं नाव सांगा, गोळ्या दाखवा, कळ कधी वाढते आणि कशाने उतरते ते सांगा. कार्डिओग्राम ठीक आला तरी ‘मग हे कशामुळे?’ असं विचारा. हृदयाची कळ आणि बोटांची सूज एकाच आजाराची असू शकते, हे ज्ञान ज्यांच्या अंगावर गोळा झालं ते आमच्यासारखेच रोगी होते. ते वापरायचा पहिला हक्क आमचा आहे.