देणाऱ्या हातांचा इतिहास

मराठीत मूल दत्तक घेण्याला 'मांडीवर घेणे' म्हणतात आणि आपले मूल दुसऱ्याला देण्याला 'ओटीत घालणे'. यांतील पहिल्या शब्दप्रयोगाचा इतिहास विपुल आहे. संस्थानांची दप्तरे, वारसाहक्काचे खटले, गादीचे राजकारण हे सारे घेणाऱ्याच्या बाजूने लिहिले गेले. दुसऱ्याचा इतिहास मात्र विरळ आहे. ज्यांनी आपले मूल स्वतःहून परक्याच्या स्वाधीन केले, त्या जन्मदात्यांची, विशेषतः आईची, इच्छा काय होती, हा प्रश्न आपल्याकडे फार उशिरा विचारला गेला.

धर्मशास्त्राने देणाऱ्याचा विचारच केला नाही असे नव्हे. वसिष्ठ धर्मसूत्र पुत्र देण्याचा अधिकार माता आणि पिता या दोघांनाही देते. एकुलता एक पुत्र देऊ नये, असा निर्बंधही घालते. परंतु पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊ वा घेऊ नये, असेही ते बजावते. आईचा अधिकार अशा रीतीने मान्य झाला, पण तो उसना राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातील दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे या प्रश्नाचे स्वरूप उलगडते. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यानंतर खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथील काशीराव गायकवाड यांचा मुलगा गोपाळराव दत्तक घेतला. तेच पुढे महाराजा सयाजीराव म्हणून विख्यात झाले. काशीराव व उमाबाई या जन्मदात्यांची नावे बडोद्याच्या इतिहासात सन्मानाने नोंदली गेली. हे देणे उजळ माथ्याचे होते; त्याला कुळाची, विधीची आणि सरकारची संमती होती.

त्याआधी वर्षभर, १८७४ च्या सुमारास, पुण्यात दुसरे एक मूल दिले गेले. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली होती, तरी रूढीने ती नाकारलीच होती. फसवणुकीतून गरोदर राहिलेल्या विधवेपुढे बहुधा विहीर किंवा बालहत्या एवढेच मार्ग उरत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याच कारणाने. गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, आणि मूल सोबत न्यावे की येथेच ठेवावे हे आपल्या खुशीने ठरवावे, अशा आशयाचे आवाहन त्यांनी विधवांना केले होते. त्यातील 'खुशी' ही कल्पना इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून पाहावी अशी आहे. शास्त्र पतीची अनुज्ञा मागत होते. येथे पती नसलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रीलाच निर्णयाचा अधिकार दिला जात होता.

या गृहात काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा प्रसूत झाली आणि फुले दांपत्याने तिचा मुलगा आपला मानला. तो यशवंत. जोतीरावांनी १८८७ च्या मृत्युपत्रात त्याला वारस नेमले. पुढे तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई मृत्यू पावल्या. हा सारा वृत्तांत चरित्रांतून येतो. काशीबाईचे पुढे काय झाले, याविषयी तीच चरित्रे फारसे बोलत नाहीत.

कायद्याने तिची दखल टप्प्याटप्प्याने घेतली. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मूल देण्याचा अधिकार पित्याकडे ठेवून आईची संमती आवश्यक केली. २०१० च्या दुरुस्तीने हा अधिकार दोघांना समान दिला. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने, मूल बालकल्याण समितीच्या स्वाधीन करणाऱ्या पालकांना फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. देणाऱ्याचे मन उद्या पालटू शकते, हे येथे कायद्याने मान्य केले.

तरीही 'स्वेच्छा' हा शब्द इतिहासात जपूनच वापरावा लागतो. काशीबाईने मूल दिले ते कोणी हिसकावून घेतले म्हणून नव्हे, हे खरे. पण ते मूल कडेवर घेऊन परत जावे, असे एकही घर त्या काळच्या पुण्यात तिच्यासाठी उघडे नव्हते. तिच्या इच्छेचे मोल ठरवताना हे बंद दरवाजेही हिशेबात धरावे लागतील. सयाजीराव आणि यशवंत या दोघांच्या मागे एकेक देणारी आई उभी आहे. एकीला इतिहासाने मान दिला; दुसरीचे ऋण अजून आपल्याकडे बाकी आहे.