परधाड्याच्या वळणापर्यंत

फेब्रुवारी 2016. दक्षिण मध्य रेल्वेवर एका देशी सुरक्षायंत्रणेची प्रवासी गाड्यांवर चाचणी सुरू होते. पुढे तिला 'कवच' हे नाव मिळतं. चालकाच्या हातून लाल सिग्नल ओलांडला जात असेल तर ती स्वतःच ब्रेक लावते, हे बहुतेकांना माहीत आहे. तिच्यातली दुसरी सोय कमी लोकांना ठाऊक असते. वाटेत अडचणीत सापडलेल्या गाडीच्या चालकाने एसओएसचं बटण दाबलं, की आसपासच्या कवच बसवलेल्या गाड्याही थांबतात.

जुलै 2020. कवचला राष्ट्रीय यंत्रणा म्हणून मान्यता मिळते.

16 जुलै 2024. तिची सुधारित 4.0 आवृत्ती मंजूर होते. मधली वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही. इंजिनात यंत्र, स्टेशनात यंत्र, रुळांमध्ये टॅग, जागोजाग मनोरे, ऑप्टिकल फायबर, आणि हे सगळं धावत्या वाहतुकीत जुन्या सिग्नलांशी जुळवायचं. धड न तपासलेली सुरक्षायंत्रणा लावणं तर फारच धोक्याचं, कारण माणूस तिच्यावर विसंबून राहतो.

2024 ची अखेर. देशातल्या सुमारे 69 हजार किलोमीटर रेल्वेमार्गांपैकी कवच चालू आहे 1,548 किलोमीटरवर, तेही दक्षिण मध्य आणि उत्तर मध्य रेल्वेत. आपला भुसावळ–मनमाड मार्ग त्यात नाही.

21 जानेवारी 2025, संध्याकाळ. लखनऊहून पुष्पक एक्सप्रेस मुंबईकडे निघते. त्याच संध्याकाळी बेंगळुरूहून कर्नाटक एक्सप्रेस दिल्लीकडे निघते. पुष्पकचे जनरल डबे नेहमीसारखेच खच्चून भरलेले. उत्तर प्रदेशातली माणसं आहेत, नेपाळमधलीही आहेत.

22 जानेवारी, बुधवार, दुपार. पुष्पक भुसावळ, जळगाव मागे टाकते. शिरसोली, म्हसावद, माहेजी, परधाडे, मग पाचोरा. ही स्टेशनं आमच्याकडे पोरासोरांनाही तोंडपाठ असतात. पीजेच्या, म्हणजे पाचोरा–जामनेरच्या, छोट्या गाडीवर वाढलेल्या पाचोरा तालुक्याला रूळ नवे नाहीत आणि रुळांची भीतीही ठाऊक आहे. डब्यातल्या परगावच्या माणसाला मात्र खिडकीबाहेर कोणतं स्टेशन गेलं हेही कळत नाही. जनरल डब्यात कसली सूचनाही ऐकू येत नाही.

साडेचारनंतर. डब्यात ओरडा होतो, आग लागली! पॅन्ट्रीतल्या एका चहावाल्याच्या ओरडण्यावरून अफवा पसरली, असं तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. आग लागलेली नव्हती.

4:42 च्या सुमारास. कुणीतरी साखळी ओढतं. माहेजी आणि परधाडे यांच्या दरम्यान गाडी थांबते. घाबरलेली माणसं दोन्ही दारांनी खाली उड्या टाकतात. एका बाजूला मोकळी जमीन आहे. दुसऱ्या बाजूला लगतचा रूळ.

त्यानंतरची मिनिटं. नियमाप्रमाणे पुष्पकचा फ्लॅशर दिवा लुकलुकू लागतो. समोरून येणाऱ्याला धोका सांगायला या घडीला एवढंच हाताशी आहे : एक दिवा, आणि तो पाहणारी दोन माणसांची नजर. पाचोऱ्याकडून कर्नाटक एक्सप्रेस वेगात येते आहे. तिचा चालक दिवा पाहतो, ब्रेक लावतो. पण रूळ इथे वळणावर आहे, लांबचं दिसत नाही. वेगातली एक्सप्रेस ब्रेक लावूनही थांबायला किलोमीटरभर अंतर घेते.

पावणेपाचच्या आसपास. कर्नाटक एक्सप्रेस रुळावरच्या माणसांवरून जाते.

संध्याकाळ. आठ रुग्णवाहिका धावतात, भुसावळहून रेल्वेचं वैद्यकीय पथक निघतं, जखमी पाचोऱ्याच्या रुग्णालयांत येतात. रात्रीपर्यंत मृतांचा आकडा बारा. दुसऱ्या दिवशी तेरा.

चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे गेली. हे आयुक्तालय रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं, आणि त्या खात्यालाही अशा एका संध्याकाळची आठवण आहे. 12 नोव्हेंबर 1996, सुमारे 6:40. हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन 349 माणसं गेली. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं होतं. दिल्लीच्या नियंत्रकाला ते कळलं नाही, कारण त्याच्या पडद्यावर विमानाची उंची दिसतच नव्हती. उंची दाखवणारं नवं रडार दिल्ली आणि मुंबईसाठी रेथिऑन कंपनीकडून घेतलं होतं, पण ते चालू व्हायचं होतं. त्यानंतर येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या केल्या गेल्या, टक्कर टाळणारं उपकरण विमानांत सक्तीचं झालं. वाटा वेगळ्या करायला रडारची गरज नव्हती. ते आधीही करता आलं असतं.

कवच असतं तर परधाड्याला सगळे वाचले असते, असा माझा दावा नाही. पण खरेदीचा आदेश निघाल्यापासून यंत्र चालू होईपर्यंतची वर्षं ही सगळ्यांत असुरक्षित वर्षं असतात, आणि त्यांच्यासाठी वेगळी तरतूद कुणी करत नाही, हा माझा आक्षेप आहे. जनरल डब्यात ऐकू जाईल अशी सूचनेची सोय करा. वाटेत साखळी ओढली गेली की लगतच्या रुळावरच्या चालकाला त्याच क्षणी वायरलेसवर कळवणं आणि त्याने वेग कमी करणं सक्तीचं करा. याला निविदांची आठ वर्षं लागत नाहीत. भुसावळ विभागाने हे कवचची वाट न पाहता करावं.

आणि गाडीने जाणाऱ्या प्रत्येकाला कळकळीची विनंती : गाडी मध्येच थांबली आणि उतरावंच लागलं, तर ज्या बाजूला दुसरा रूळ नाही त्याच बाजूने उतरा. शेजारच्यालाही ओरडून सांगा.