देवळाचं दार आणि बँकेचं दार

दोस्तांनो, इतिहास म्हटला की आपल्याला तळं आठवतं, देऊळ आठवतं, मोर्चा आठवतो. बँक आठवत नाही. तो पैसेवाल्यांचा विषय, असं आपणच ठरवून टाकलंय. पण ज्या माणसाचा फोटो आपण घरात पहिल्या भिंतीवर लावतो, तो लंडनला रुपयावर प्रबंध लिहून डॉक्टर झाला होता. म्हणून मी, सूतगिरणीतला एक कामगार, पाळी सुटल्यावर वाचून जे हाती लागलं ते इथं मांडतोय. पटलं तर घ्या, नाही पटलं तर भांडा.

आधी आपला गंगापूर रोड बघा. अशोकस्तंभाकडून निघतो, कॉलेजं, बंगले, हॉटेलं मागं टाकत धरणाकडं जातो. दोन्ही अंगाला बँका : सरकारी, खाजगी, सहकारी. काचेचं दार, दाराशी बंदूकवाला, आत गारवा. त्याच रस्त्यानं रोज बिगारी, मोलकरणी, भाजीवाल्या जातात. दारावर ‘प्रवेश बंद’ अशी पाटी नाही. काळारामाच्या दारावर तरी कुठं पाटी होती? २ मार्च १९३० ला आपले बापजादे त्या दाराशी बसले, तेव्हा त्यांना पाटीनं नाही, माणसांनी अडवलं. बँकेत अडवायला माणूस लागत नाही. एक शब्द पुरतो — तारण.

हा शब्द आला कुठून ते पाहू. १८४० साली सरकार आणि शेठ मंडळींनी मिळून बँक ऑफ बॉम्बे काढली. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, इकडच्या कापसाचं सोनं झालं. मुंबईला शेअरचं वेड लागलं. बँकेनं शेठांना शेअरच्या कागदावर कर्जं वाटली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, कागदाची रद्दी झाली आणि १८६८ ला बँक बुडाली. कापूस पिकवणारा सावकाराच्या वहीत अडकलेला होता, तो तसाच राहिला. १८७५ ला सुप्याला कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. म्हंजे पहिल्यापासून हिशेब असा : मोठ्याला कागदावर कर्ज, छोट्याला रक्तावर.

देशी बँका आल्या. सयाजीराव गायकवाडांनी १९०८ ला बँक ऑफ बडोदा काढली. याच सयाजीरावांनी १९१३ ला भीमराव आंबेडकर नावाच्या पोराला अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. तारण काय होतं त्या पोराकडं? डोकं. त्या पैशाचं व्याज आपण अजून खातोय.

त्या पोरानं १९२३ ला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ छापलं. आपले वक्ते स्टेजवरून ठोकून देतात की रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी काढली, आणि टाळ्या घेतात. टाळ्या घ्या, पण आधी म्हणणं समजून घ्या. केन्ससारखा पंडित ज्या चलनपद्धतीची भलामण करत होता, ती बाबासाहेबांनी खोडून काढली. सरकारला हवा तेवढा रुपया काढायची मोकळीक नको, त्याला कायद्यानं बांधा, हा त्यांचा मुद्दा. रुपया स्वस्त झाला की माल महागतो, पण मजुरी त्या वेगानं वाढत नाही. व्यापाऱ्याचा फायदा तो मजुराचा तोटा. १९२५ ला हिल्टन यंग कमिशनपुढं साक्ष देतानाही ते हेच बोलले. हे वाचताना मला माझी पगाराची चिठ्ठी दिसत होती. रुपया कुणाच्या बाजूचा, हा प्रश्न आपल्यात पहिल्यांदा त्यांनी विचारला. जयजयकारापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

आता १९३५ साल बघा. १ एप्रिलला रिझर्व्ह बँक सुरू झाली. १६ सप्टेंबरला पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी झाली. आणि १३ ऑक्टोबरला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. एकाच वर्षात बँकवाल्यांनी आपली दारं उभी केली आणि आपण देवळाच्या दाराकडं पाठ फिरवली. नाशिकरोडच्या छापखान्यात तर १९२८ पासून नोटा छापल्या जात होत्या. नोट आपल्या गावची, पण आपल्या वस्तीत यायची ती आठवडी बाजारापुरती.

हे कोंडाळं फोडलं १९ जुलै १९६९ नं. इंदिरा गांधींच्या सरकारनं १४ मोठ्या बँका ताब्यात घेतल्या. ज्यांच्याकडं ५० कोटींवर ठेवी, अशा देशी बँका. भागधारक सुप्रीम कोर्टात गेले. १० फेब्रुवारी १९७० ला कोर्टानं तो कायदा मोडला, चार दिवसांत सरकारनं नवा वटहुकूम काढला. १५ एप्रिल १९८० ला आणखी ६ बँका घेतल्या. राजकारण होतंच त्यात, काँग्रेस फुटत होती. पण फळ काय ते मोजा. १९६९ ला देशात बँकांच्या शाखा ८२६२, त्यातल्या खेड्यातल्या फक्त १८३३. १९७७ ला नियम आला : मोठ्या शहरात एक शाखा काढायची तर बँक नसलेल्या खेड्यांत चार काढा. १९९० च्या सुमाराला खेड्यातल्या शाखा ३० हजारांच्या वर गेल्या. १९७२ ला चार टक्के व्याजाची योजना आली — तारण नाही, एकूण कर्जाचा एक टक्का गरिबांना, त्यातला ४० टक्के दलित-आदिवासींना. दार किलकिलं झालं. आणि टेबलामागची माणसं बदलली. सरकारी बँक म्हंजे राखीव जागा. आपल्यातला पोरगा कॅशियर झाला, पोरगी क्लार्क झाली. एका पगारावर तीन भावंडं शिकली. हा इतिहास कुठल्या पुस्तकात नाही, आपल्या घराघरात आहे.

मग वारं फिरलं. १९९० ला एकास चारचा नियम गेला. १९९१ च्या नरसिंहम समितीनंतर नफा हाच धर्म झाला. माझ्या चुलत्यानं वेल्डिंगच्या दुकानाची फाईल केली होती. महात्मा फुले महामंडळाचं बीजभांडवल असतं : पाच टक्के आपले, वीस महामंडळाचे, पंचाहत्तर बँकेचे. पाच जमवले, वीसचं पत्र आलं. पंचाहत्तरवाल्या साहेबांनी विचारलं, “तारण काय?” चुलता म्हणाला, “साहेब, हे हात.” साहेब हसले. आठ महिने फाईल तिथं झोपली, मग परत आली. तारण नाही त्याला तारणार कोण?

आणि २०१८ साली पंजाब नॅशनल बँकेनं जाहीर केलं की मुंबईच्या एका शाखेतून हिरेवाल्यांनी हजारो कोटींची हमीपत्रं उचलली. खरं तारण नव्हतं. तिथं कुणी हसलं नाही. १८६५ चं वेड १५० वर्षांनीही उतरलेलं नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा रद्द झाल्या तेव्हा नाशिकरोडचे कामगार जादा पाळ्या करून नोटा छापत होते आणि बिगारी आपलाच रोज मिळवायला रांगेत उभा होता. २०१७ ला सरकारी बँका २७ होत्या. १ एप्रिल २०२० ला विलीनीकरण होऊन १२ उरल्या. देना गेली, सिंडिकेट गेली, अलाहाबाद गेली. २०२१ च्या अर्थसंकल्पात आणखी दोन सरकारी बँका विकायची भाषा झाली. बँक विकली की राखीव जागाही तिच्याबरोबर जाते, कारण खाजगी बँकेला राखीव जागांचं बंधन नाही. हे ज्याला कळलं नाही, त्यानं आरक्षणावर भाषण करू नये.

तर काय करायचं? मोजायचं. ५ एप्रिल २०१६ ला स्टँड अप इंडिया योजना आली. तिचा नियम होता की प्रत्येक शाखेनं निदान एका दलित वा आदिवासीला आणि एका स्त्रीला १० लाख ते १ कोटी कर्ज द्यावं. हिशेब सोपा आहे. अशोकस्तंभापासून धरणापर्यंत चालत जा, शाखा मोजा. जितक्या शाखा, निदान तितके आपले उद्योजक उभे राहायला हवे होते. ते कुठायत? माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. दहा रुपयांचा अर्ज. जिल्ह्याची अग्रणी बँक, बँक ऑफ महाराष्ट्र, दर वर्षी कर्जाचा आराखडा करते. त्यातला दुर्बल घटकांचा आकडा मागा. दिलं किती, नाकारलं किती, कारण काय, ते लेखी मागा.

देवळात जायचा हट्ट बाबासाहेबांनी सोडला, कारण देव मिळून भाकर मिळणार नव्हती. बँकेचं दार सोडून चालणार नाही. आतला पैसा आपल्या घामाचा आहे. पुढच्या अंकात मला कविता नको. प्रत्येकानं आपल्या भागातल्या एका शाखेचा आकडा आणा.

जयभीम.